लाल दोऱ्याचा ट्रे

चिमटाबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनं वळून बघितलं असतं की नाही, याची खात्री तिच्या नवऱ्यालाही नव्हती. बियाणं कंपनीच्या जाळीघरात कुणीतरी गमतीनं हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की भाऊबंदही तेच घेऊ लागले. कारण तसं उघड होतं. तिच्या कमरेला एक बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा नाडीनं बांधलेला असे. कामावर असे ते ठीक, पण बाई लग्नाला निघाली तरी चिमटा बरोबर, दवाखान्यात निघाली तरी बरोबर.

"लोकांच्या बायका कमरेला किल्ल्या लावतात," नवरा म्हणायचा. "आमच्याकडं चिमटा."

"किल्ल्या लावायला कपाटात काहीतरी असावं लागतं," ती म्हणायची. बोलण्यात तिला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तिचं काम टोमॅटोच्या संकरित बियाण्याचं. वाण तयार करणारे शास्त्रज्ञ वेगळे. ते वर्षानुवर्षं झाडं निवडत बसतात आणि शेवटी सांगतात, अमुक नर आणि तमुक मादी, यांचं लग्न लावा. ते लग्न प्रत्यक्षात लावणाऱ्या या बाया. आणि हे सोयरीक जुळवण्याइतकं सोपं नाही, कारण टोमॅटोचं फूल फार स्वतःपुरतं असतं. नर आणि मादी एकाच फुलात नांदतात, बाहेरच्या कुणाची त्यांना गरजच पडत नाही. म्हणून फूल उमलायच्या आदल्या दिवशीच कळी सोलायची. आतली पिवळी नरकेसरांची टोपी चिमट्यानं अलगद काढायची, मधल्या नाजूक दांडीला धक्का न लावता. टोपीचा एवढासा तुकडा जरी आत राहिला, तरी सकाळपर्यंत तो आपला कारभार उरकून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटातल्या अंगठीच्या खळग्यात नराचे परागकण भरायचे, त्यांना बाया नुसतं पावडर म्हणत, त्यात ती दांडी बुडवायची, आणि देठाला दोरा बांधायचा.

दोरा प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा. कुणाचा निळा, कुणाचा पिवळा, कुणाचा पांढरा. चिमटाबाईचा लाल. फळ पिकलं की दोऱ्यावरून कळायचं, हे कुणाच्या हातचं. प्रत्येक तोडीतलं थोडं थोडं बी रंगाप्रमाणे वेगळं काढून ट्रेमध्ये पेरत. आणि मग हात झटकायला जागाच नसे. मादीच्या रोपाची मान हिरवी, नराच्या रोपाची जांभळी. नीट संकर झालेल्या बियाचं रोप मातीतून डोकं काढतानाच जांभळी मान घेऊन येई. हिरवी मान दिसली, की समजायचं, बाई झोपली होती. "हिरवी निघाली" ही त्या जाळीघरातली सगळ्यात वाईट शिवी होती. नवऱ्याशी भांडलेल्या बायासुद्धा ती घरी वापरत.

लाल दोऱ्याच्या ट्रेमध्ये हिरवी कधी निघाली नव्हती. बाईनं कामाला सुरुवात केली तेव्हापासून नाही, आणि ती मुकादम झाली तेव्हापासून तर नाहीच. कंपनीत पाहुणे आले, दुकानदार आले, शेतकऱ्यांचे गट आले, की कुणीतरी विचारायचंच, "इथं सगळ्यात चांगला हात कुणाचा?" चिमटाबाई काही बोलायची नाही. स्वतःचे दोन्ही हात पुढं करायची, आधी पालथे, मग उताणे, आणि पाहुण्यांना ते पुरेसं वाटेपर्यंत तसेच धरून ठेवायची.

तिला याचा गर्व होता, आणि का नसावा? बसमधून कुठं जाताना खिडकीबाहेर तारांवर चढवलेल्या टोमॅटोच्या रांगा दिसल्या, की ती नवऱ्याला कोपरानं ढोसायची. "हे बघ, आमचं."

"त्याच्यावर तुझं नाव लिहिलंय का?"

"बी दुकानातनं आलं, दुकानात कंपनीतनं आलं, कंपनीत माझ्या हातातनं गेलं. आणखी काय लिहायचं?"

नव्या मुली कामाला आल्या, की ती पहिल्या दिवशी त्यांना चिमटा देतच नसे. आधी बियाण्याचं एक पाकीट फोडून त्यांच्या तळहातावर ओतायची. "माझा बाप घरचंच बी राखेत घालून मडक्यात ठेवायचा. बिघडलं तर त्याचं तोच जाणे. आता माणूस दुकानात जाऊन हे पाकीट घेतो. रोग कमी येतो, माल जास्त निघतो, म्हणून घेतो. पण आत काय आहे ते त्याला दिसतं का? नाही. आपण चुकलो ते त्याला फळ धरल्यावर कळतं. तोवर त्याचं पाणी देऊन झालेलं असतं, खत घालून झालेलं असतं, त्याचा अख्खा हंगाम गेलेला असतो. तेव्हा झोप येत असेल तर आत्ताच घरी जा." मुली घाबरून बी पाकिटात परत भरायच्या. ते भाषण जाळीघरातल्या सगळ्यांना पाठ होतं, तरी ती द्यायला लागली की बाया काम थांबवून ऐकायच्या.

एकच गोष्ट तिला बोललेली चालत नसे, ती म्हणजे डोळ्यांबद्दल. गेली काही वर्षं ती कळी हातात धरायची ती जरा लांबवर. मग आणखी लांबवर.

"मावशी," एकदा पिवळ्या दोऱ्याची म्हणाली, "याच्यापुढं धरायची तर दुसऱ्याचा हात उसना घ्यावा लागेल."

"माझे डोळे शाबूत आहेत. तू तुझी जीभ सांभाळ."

चष्म्याचं नाव काढलं तरी तिचा पारा चढे. तिचं म्हणणं असं, की चष्मा लावला की माणूस म्हातारं दिसतं, म्हातारं दिसलं की लोक बसायला खुर्ची देतात, आणि एकदा खुर्ची मिळाली की चिमटा जातो. तसंही, ती म्हणायची, ही कामं डोळ्यांची नाहीत, बोटांची आहेत. आणि ट्रे तिच्या बाजूनं साक्ष द्यायचे. लाल दोरा, सगळी जांभळी.

तिच्या मुलाचं लग्न झालं आणि वर्षभरात त्याची बायकोही जाळीघरात कामाला आली. मुलगा त्याच कंपनीच्या गोदामात पाकिटं भरायच्या यंत्रावर होता, तेव्हा घरातलं बोलणंही सगळं बियाण्याचंच. पोरीला गुलाबी दोरा मिळाला, कारण तेवढं एकच रीळ उरलं होतं. चिमटाबाईनं तिला शिकवलं ते इतरांपेक्षा कडक. घरचं माणूस म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती दुप्पट बोलायची. कौतुकाचा शब्द तर सोडाच, तिची ओळखसुद्धा "मुलाची बायको" अशीच करून द्यायची. पोर अबोल. सांगितलं ते करायची, ऐकून घ्यायची. तिच्या गुलाबी ट्रेमध्येही हिरवी निघत नसे, पण लाल दोऱ्याच्या सावलीत गुलाबीकडं कोण बघतो?

पोरीची एक सवय मात्र सासूला खटकायची. संध्याकाळी सगळ्या बाया घरी निघाल्या, की ही मागं राहायची. सगळ्यांचे चिमटे स्पिरिटनं धुवायचं काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं, आणि त्याला तिला भलताच वेळ लागायचा.

"चिमटे धुतेस का न्हाऊ-माखू घालतेस?" घरी आल्यावर सासू विचारायची. "स्वयंपाक कुणी करायचा?"

"आलेच ना आई," म्हणत ती ओट्याकडं वळायची.

त्या हंगामात कंपनीनं नवा वाण घेतला होता. पानं आकसून जाण्याचा जो रोग आहे, त्याला दाद न देणारा, आणि तो पहिल्यांदाच दुकानात जायचा होता. साहेब म्हणजे जाळीघराचा तरुण सुपरवायझर. तो दिवसातून चार वेळा येऊन, "मावशी, या वेळी एकही चूक नको," असं सांगून जाई. चिमटाबाई त्याला म्हणाली, "साहेब, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी चुकत नाहीये." पहिल्या घोसाची फळं पिकली, बी धुतलं, वाळवलं, ट्रेमध्ये पेरलं. लाल दोरा, सगळी जांभळी. दुसऱ्या घोसाचंही तसंच.

तिसऱ्या घोसाचे ट्रे उगवून आले त्या सकाळी साहेबानं तिला रोपांच्या शेडमध्ये बोलावलं. बाकीच्या बायाही मागोमाग आल्या, कारण ट्रे बघण्याचा कार्यक्रम चुकवायची पद्धत नव्हती. साहेब एका ट्रेवर वाकला होता आणि वर बघत नव्हता.

"मावशी, यात हिरवी आहेत."

"कुणाच्यात?"

त्यानं ट्रेच्या कडेला बांधलेला दोरा नुसता तिच्याकडं वळवला.

चिमटाबाई वाकली. तिला ट्रेमध्ये एक हिरवट-जांभळा धुरकट पट्टा दिसला, त्यात कुठली मान कसली ते काही कळेना. "कुठं? दाखवा," ती म्हणाली. साहेबानं बोट ठेवलं. इथं. इथं. आणि इथं. जिचं नाव घेऊन नव्या मुलींना घाबरवायचे, तिच्याच ट्रेमध्ये हिरवी निघाली होती.

साहेबाला तिची दया आली असावी. "उन्हानं लाल दोरा विटला की गुलाबीच दिसतो," तो म्हणाला. "तोडीच्या वेळी गुलाबीची फळं लालच्या बादलीत गेली असतील. दुसरं काय असणार?"

बुडत्याला काडीचा आधार. चिमटाबाई गर्रकन वळली. "तरी मी म्हणत होते! लक्ष कुठं असतं तुझं? इतकी वर्षं कमावलेलं नाव घालवलंस सगळ्यांसमोर!"

पोर ट्रेकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "चुकलं, आई."

साहेबानं तिथंच निकाल दिला. लाल आणि गुलाबी दोन्हींचा तिसरा घोस खड्ड्यात, आणि पुढच्या हंगामाला गुलाबी दोरा बंद, म्हणजे पोरीचं काम बंद. पोरीनं मान हलवली आणि कामाला निघून गेली. लाल दोऱ्याचं नाव वाचलं होतं. बाया चिमटाबाईच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

रागाच्या भरात ती बादली घेऊन स्वतःच गुलाबी ओळीत शिरली. तिसऱ्या घोसाची उरलेली फळं आपल्या हातानं तोडून खड्ड्यात टाकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. पहिलं झाड धरलं. पहिल्या घोसाला गुलाबी दोरे, दुसऱ्याला गुलाबी दोरे. तिसऱ्याला काहीच नाही. नुसती खुडलेली देठं. दुसऱ्या झाडाला तेच. तिसऱ्या झाडाला तेच. चवथ्या घोसापासून पुन्हा गुलाबी दोरे सुरू. ओळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत बादलीत एकही फळ पडलं नव्हतं.

मग तिला आठवलं. तिसरा घोस फुलात होता तेव्हा पोरीची आई शिडीवरून पडली होती. पोर तो अख्खा आठवडा तिच्या उशाशी होती. माणसं कमी होती, म्हणून गुलाबी ओळीतल्या कळ्या न सोलता सरळ खुडून टाकायला चिमटाबाईनंच सांगितलं होतं. गुलाबी दोऱ्याला तिसरा घोस नव्हताच. जे फळच नाही, ते लालच्या बादलीत जाणार कुठून?

मग ती हिरवी कुणाची, हे कळायला चिमटाबाईला वेळ लागला नाही. पोर "चुकलं" का म्हणाली, हे मात्र कळेना. ती तशीच रिकामी बादली घेऊन लाल ओळीत आली, एक कळी धरली, हात लांब केला, सोलली. मग हाक मारली.

"इकडं ये. ही बघ. नीट सोललीय?"

पोरीनं कळीकडं बघितलं, मग सासूकडं. "सोललीय."

"माझी शपथ घालू?"

गुलाबी ओळीतून येताना चिमटाबाईनं शेडमधलं साहेबाचं भिंग उचलून आणलं होतं. ते तिनं कळीवर धरलं. दांडीच्या बुडाशी पिवळी चिंधी चिकटलेली होती, भिंगातून तर ती केळ्याच्या सालीएवढी दिसत होती.

"असं रोज होतं?"

"रोज नाही."

"आणि मग आजवर ट्रे कसा काय—" ती बोलता बोलता थांबली. चिमटे धुवायला लागणारा वेळ तिच्या डोक्यात लख्ख उजाडला. "संध्याकाळी तू माझ्या ओळीत जात होतीस."

"सगळ्या गेल्या की जायचे. राहिलेलं काढायचे. थोडंच असायचं, आई."

"कधीपासून?"

"मागच्या हंगामापासून."

चिमटाबाईला आधी संताप आला. आपल्याला लहान मुलासारखं फसवलं म्हणून आला, आणि आपण फसलो म्हणून त्याहून जास्त आला. मग लाज वाटली. मघाशी सगळ्यांसमोर जे बोललो ते आठवून कानशिलं तापली. "सांगितलं का नाहीस?" ती खेकसली. "तिथं शेडमध्ये, सगळ्यांसमोर, चुकलं कशाला म्हणालीस?"

"तुमचं नाव गेलं असतं. माझं काय, मी अजून नवीनच आहे. माझं नाव व्हायचंय कुठं?"

चिमटाबाईच्या आतली मुकादम हिशेब करू लागली. या पोरीनं दिवसभर स्वतःची ओळ सोलली. वर संध्याकाळी, उतरत्या उजेडात, दुसरीची अख्खी ओळ कळी न् कळी तपासली. तेही दांडीला धक्का न लावता, कारण लालची फळं कधी कमी आली नव्हती. मागचा अख्खा हंगाम, आणि या हंगामातला एक आठवडा सोडून सगळा. दोन्ही ट्रे जांभळे. चिमटाबाईनं आपली ऐन उमेदीतली वर्षं आठवून पाहिली, जेव्हा डोळे घारीचे होते. तिला हे जमलं नसतं. कुणालाच जमलं नसतं. असा हात तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तो तिच्याच घरात भाकरी थापत होता. राग कुठल्या कुठं गेला. तिचा ऊर भरून आला, आणि जाळीघराच्या मधोमध तिला रडू आवरावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या नळापाशी जमल्या होत्या, साहेबही होता. चिमटाबाई उभी राहिली.

"ट्रेमधली हिरवी माझी आहेत."

"मावशी, आपलं बोलणं झालं ना—" साहेब म्हणाला.

"गुलाबीच्या तिसऱ्या घोसाला फळच नाही. जाऊन बघा. ही तेव्हा इथं नव्हती. मला जवळचं दिसत नाही, साहेब. मागच्या हंगामापासून लाल दोऱ्याचं राहिलेलं ही काढत होती. ही आठवडाभर नव्हती आणि माझं पितळ उघडं पडलं." तिनं कमरेचं लाल रीळ सोडलं आणि पोरीपुढं धरलं. "घे. तसाही तो तुझाच आहे."

"आई, नको."

"घे म्हणते ना! सगळ्यांसमोर मला दोनदा बोलायला लावू नकोस. गुलाबी मला दे. आणि साहेब, लालचा तिसरा घोस खड्ड्यात मी टाकते, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. उद्या मी उशिरा येईन. चष्म्याच्या दुकानात जायचंय."

कुणी हसलं नाही. मग पिवळ्या दोऱ्याची म्हणाली, "मावशी, गुलाबी तुम्हाला शोभेल," आणि मग मात्र सगळ्या हसल्या, चिमटाबाईसुद्धा.

पुढच्या हंगामात नवा वाण दुकानांतून शेतांत गेला, आणि शेतकऱ्यांचा एक गट तो कुठं तयार होतो ते बघायला आला. एका वयस्कर शेतकऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. सगळ्यात चांगला हात कुणाचा? बायांनी सवयीनं चिमटाबाईकडं बघितलं. तिनं नाकावरचा चष्मा वर सरकवला, शेजारच्या ओळीतून पोरीचा हात धरून तिला ओढून आणलं आणि तो हात पाहुण्यांपुढं केला, आधी पालथा, मग उताणा.

"हा," ती म्हणाली. "आमची मुकादम आहे ती. आणि माझी सून."

हल्ली संध्याकाळी सून लवकर घरी जाते. चिमटे धुवायला चिमटाबाई मागं राहते. धुऊन झाले, की ती चष्मा पुसते आणि लाल ओळीत शिरते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक कळी धरून बघते. सासूच ती, काहीतरी चूक सापडेल म्हणून बघते. घरी पोहोचल्यावर नवरा विचारतो, "इतका वेळ कशाला लागतो गं?"

"बघत होते काही राहिलंय का."

"मग? राहिलं होतं?"

"नाही," ती म्हणते, रोज त्याच थाटात, मान ताठ करून. "आजसुद्धा काही नाही."